कपाळाची हरकत

आमच्या गावात कपाळावर टिकली लावायची तर आधी कपाळाची लेखी ना-हरकत घ्यावी लागते. फक्त टिकलीलाच लागते असं नाही. पावडर, काजळ, लाली, ओठांचा रंग, सात दिवसांत गोरं करतो म्हणणारं मलम, कातडीवर मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येक जिनसेला लागते. नगरपरिषदेच्या पहिल्या मजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारच्या खोलीत त्वचा शाखा आहे. मी तिथला लिपिक. शाखा निघून आठ वर्षं झाली आणि आठही वर्षं मीच तिथे आहे, कारण इथे बदली मागणारा दुसरा कुणी अजून निघालेला नाही.

काम तसं सरळ आहे. अर्जदाराने नमुना भरायचा आणि सोबत डबीवरचा किंवा पाकिटामागचा कागद जोडायचा. त्या कागदावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत जी नावं असतात, त्या प्रत्येकाला आम्ही पत्र पाठवतो. ठरल्या दिवशी ते सगळे येतात. ज्या जागेवर राहायचं ती जागा त्यांना बघते, चार प्रश्न विचारते आणि हो किंवा नाही ते सांगते.

आता जागा म्हणजे चेहरा नव्हे. लोक इथेच घोळ घालतात. रकान्यात 'चेहरा' लिहून मोकळे होतात. चेहरा नावाची जागा आमच्या दप्तरात नाही. डावा गाल वेगळा, उजवा वेगळा, हनुवटी, कपाळ, दोन पापण्या, सगळ्यांचे उतारे वेगवेगळे. पापणी सर्वांत पातळ, म्हणून तिचं म्हणणं आधी ऐकायचं असा नियम आहे. नाक सामाईकात आहे आणि त्यावरून दोन्ही गालांचं कधी पटत नाही. हे मी लोकांना किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मंदाकिनी बोत्रे मात्र रकान्यात नीट 'कपाळ' लिहून आल्या, म्हणून मी त्यांना आधी बसायला सांगितलं आणि मग अर्ज हातात घेतला. वय बावन्न. पदर भुवयांपर्यंत ओढलेला. हरकत त्यांनी घेतलेली नव्हती, त्यांच्या कपाळाने घेतली होती. त्यांनी पदर वर सरकवून ती दाखवली. दोन भुवयांच्या मधोमध, आठ आण्याच्या नाण्याएवढी, कडेने लाल आणि मध्ये पांढरी पडलेली. हरकतीचा हा नमुना आम्ही ग्राह्य धरतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"खाज दोन वर्षं झाली. पांढरं दिवाळीपासून."

"आणि टिकली?"

"लग्नापासून. एकतीस वर्षं."

"त्या वेळची ना-हरकत आहे का जवळ?"

"अहो, तेव्हा कुठली शाखा? सासूबाईंनी लावली, मी मान खाली घातली."

मी पोच लिहायला घेतली. त्या उठल्या नाहीत. "भाऊसाहेब, एकच विचारते," त्या म्हणाल्या. "बारा दिवसांवर माझ्या पोराचं लग्न आहे. तो घरातून निघताना मला ओवाळायचंय. सासूबाई म्हणतात, मोकळ्या कपाळाने ताटाला हात लावायचा नाही, धाकटी चुलत जाऊ ओवाळेल. आणि टिकली लावली की इथे निखारा ठेवल्यासारखं होतं, पाणी सुटतं. मी काय करू?"

तो आमच्या शाखेचा विषय नव्हता आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, डोळे पुसले आणि गेल्या. मला राग आला. त्यांचा नव्हे. कुणाचा ते ठरवायला वेळ नव्हता, मागे रांग होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सासूबाई आल्या. ठकूबाई बोत्रे, वय शहात्तर, हातात काठी, आवाज खणखणीत. त्यांना हरकतीवर हरकत घ्यायची होती.

"कपाळाला काय अक्कल आसती व्हय?" त्या म्हणाल्या. "सवाष्णीचं कपाळ हाय ते. मोकळं ठिवलं आन माझ्या लेकाच्या जिवाला काय झालं, तर तुमी येणार का भरून द्याला?"

भरून देण्याची तरतूद नाही असं मी सांगितलं आणि अर्ज दाखल करून घेतला. दोन्ही प्रकरणं एकत्र करून सुनावणी गुरुवारी लागली.

सुनावणी निकुंभ मॅडम घेतात. त्या कमी बोलतात आणि चहा गार करून पितात. एका बाजूला मंदाकिनीबाई आणि त्यांचं कपाळ, दुसऱ्या बाजूला ठकूबाई. मंदाकिनीबाईंचे यजमान दिनकरराव यांना कुणी बोलावलंच नव्हतं, ते दाराजवळच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. समोर टिकलीच्या पाकिटामागची मंडळी. त्यात मुख्य डिंक. सफारी घातलेला, पन्नाशीचा, एकदा खुर्चीत बसला की न उठणारा माणूस. तो झाडाचा डिंक नव्हता, कारखान्यातला होता, पण घरोघर त्याला डिंकच म्हणतात म्हणून आम्हीही तसंच लिहितो.

"मॅडम, माझं म्हणणं साधं आहे," डिंक म्हणाला. "एकतीस वर्षं या जागेवर माझी वहिवाट आहे. रोज सकाळी आलो, रोज रात्री आरशावर गेलो. इतकी वर्षं कपाळ गप्प बसलं. आता पोराच्या लग्नाच्या तोंडावर त्याला कंठ फुटला?"

"कपाळाचं काय म्हणणं आहे?" मॅडमनी विचारलं.

कपाळाचा आवाज बारीक होता. मंदाकिनीबाई ओठ मिटून समोर बघत होत्या.

"आधीची बरीच वर्षं मला काही वाटलं नाही, ते खरं आहे," कपाळ म्हणालं. "रोज थोडं थोडं सोसत गेलं. मग एक दिवस सोसेना. आमच्यात असंच होतं. आणि गप्प मी नव्हतं. दोन वर्षं खाजतंय. ही पोळ्या लाटताना मनगटाने खाजवायची, बाकीचे जेवायचे."

दाराजवळ दिनकररावांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

मॅडमनी डिंकाला विचारलं, "तुमच्यामुळे जागेचा रंग गेला हे मान्य आहे?"

"सगळीकडे जात नाही," डिंक म्हणाला. "हजारो कपाळांवर मी सुखाने आहे."

"इथलं विचारलं."

डिंकाने खुर्चीचे हात घट्ट धरले. वहिवाट फेटाळली गेली. त्याला खुर्चीतून सोडवायला शिपायाला खोबरेल तेल आणावं लागलं, त्यात दहा मिनिटं गेली.

ठकूबाई हटणाऱ्या नव्हत्या. "टिकली नगं तर नगं," त्या म्हणाल्या, "आमच्या काळी कुठं हुत्या टिकल्या? वलं कुंकू लावा." त्यांनी पिशवीतून बाटली काढली. पत्रं गेली, आणि शनिवारी बाटलीवरची मंडळी आली. यादीत 'सुगंध' असं एकच नाव होतं, पण दार उघडलं तर त्रेचाळीस जण आत शिरले.

"पत्र एकालाच गेलं होतं," मी म्हटलं.

"आम्ही एकाच नावावर राहतो," त्यांच्यातला पुढचा म्हणाला. "कायद्याने चालतं."

खोलीत चार खुर्च्या. मॅडमना शिंका सुरू झाल्या. कपाळाने त्यांना नावं विचारली, तर सांगायची पद्धत नाही म्हणाले. "मग मलाही घरात घ्यायची पद्धत नाही," कपाळ म्हणालं. ते मला आवडलं, पण टिपणात तसं लिहिता येत नाही.

त्याच बाटलीतला एक टिकवणारा होता. सडपातळ, अदबशीर. म्हणाला, "मी नसलो तर महिनाभरात बुरशी धरेल. मला कुणाचं वाईट करायचं नाही." त्याचं खरं होतं आणि कपाळानेही ते मान्य केलं. म्हणून त्याला चाचणीवर घेतलं. चाचणी म्हणजे अशा पाहुण्याला दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला मुक्कामाला ठेवतात. सगळ्या अंगाचे नको असलेले पाहुणे तिथेच उतरतात, त्यामुळे ती जागा नेहमी करवादलेली असते. सोमवारी मंदाकिनीबाईंनी बाही वर केली तर तिथे लाल चट्टा.

"आता माझ्याकडे कुणाला पाठवू नका," कोपर म्हणालं. "मी काय धर्मशाळा आहे?"

मंगळवारी ठकूबाईंनी घरी केलेलं कुंकू आणलं. हळद, लिंबू, टाकणखार. कुंकू मोठ्या ऐटीत आलं. त्याच्याकडे कागद नव्हता.

"मला कागद कशाला?" ते म्हणालं. "मी नैसर्गिक आहे."

"खाजकुइलीही नैसर्गिकच आहे," कपाळ म्हणालं.

तरीही त्याची चाचणी करायला ते तयार झालं असतं, पण कोपराने सरळ दार लावून घेतलं होतं आणि दुसरं कोपर आजारी रजेवर होतं. एका शेजारणीने गोंदवून घ्यायचं सुचवलं. "कायमचं बिऱ्हाड?" कपाळ म्हणालं, आणि तो विषय तिथेच मिटला.

लग्न चार दिवसांवर आलं होतं. ठकूबाई पहिल्यांदाच खुर्चीत टेकल्या. काठी मांडीवर आडवी धरून त्या म्हणाल्या, "मॅडम, मी काय हिची वैरी न्हाई. पन मला ह्यो एकच ल्योक ऱ्हायलाय. थोरला गेला, त्याची बायकू फॅशन म्हनून मोकळी फिरायची. मला भ्या वाटतं वो. दुसरं काय न्हाई."

मला ठकूबाईंची कीव आली आणि मंदाकिनीबाईंचीही आली. एका वेळी दोन्ही पक्षांची कीव येणं लिपिकाला परवडत नाही.

मॅडम चहाचा कप बाजूला सारून ठकूबाईंचा अर्ज परत वाचायला लागल्या. इथे एक सांगायला हवं. आमचा नमुना घाईत केलेला आहे. शाखा निघाली तेव्हा वरून नमुना आलाच नाही, म्हणून मी घरकुल योजनेचा नमुना घेतला आणि 'घर' होतं तिथे 'जिन्नस' घातलं. बाकीचे रकाने तसेच राहिले. लोक ते 'लागू नाही' म्हणून सोडतात आणि मीही कधी अडवलं नाही. माझी चूक आहे, मान्य आहे.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "तुमचा अकरावा रकाना रिकामा आहे. लाभार्थी कोण?"

"म्हंजी?"

"कुंकू लावल्याचा लाभ कुणाला होतो?"

"कुणाला म्हंजी? माझ्या लेकाला! त्याचं आयुष्य वाढतं."

"सुनेला काही?"

"तिला मान."

"मान आमच्या नमुन्यात नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "लिहा. लाभार्थी, दिनकर बोत्रे. आता बारावा रकाना वाचा."

मी वाचला. 'लाभार्थ्याने स्वतःच्या मालकीची जागा उपलब्ध करून द्यावी.'

"तुमच्या मालकीचं कपाळ आहे का?" मॅडमनी आजही दाराजवळ बसलेल्या यजमानांकडे बघून विचारलं.

दिनकरराव उठून उभे राहिले. त्यांची पिठाची गिरणी आहे. त्यांनी कपाळाला हात लावून बघितला, जणू घरी विसरलं असेल. "आहे," ते म्हणाले.

"पुढे या."

ते पुढे आले आणि बायकोच्या शेजारी उभे राहिले. खिडकीतून ऊन येत होतं. त्यांनी मंदाकिनीबाईंच्या कपाळाकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"एवढं झालंय?"

"दिवाळीपासून."

"बोलली नाहीस कधी."

"तुमच्यासमोर बसून रोज जेवायला वाढते," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

मॅडमनी दिनकररावांच्या कपाळाला थेट विचारलं. ते रुंद होतं, आठ्यांचं, आणि आवाजाने जरा घोगरं. त्याने तीस वर्षं पीठ, घाम आणि पट्ट्याचं तेल बघितलं होतं. डिंकाला निरोप धाडून परत बोलावलं, दोघांनी एकमेकांना न्याहाळलं.

"माझी हरकत नाही," दिनकररावांचं कपाळ म्हणालं. "मला कुणी याआधी विचारलंच नव्हतं."

दिनकरराव मात्र घुटमळले. "मॅडम, लोक हसतील."

"हसण्यावर हरकत घेता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचं काय ते सांगा."

त्यांनी ठकूबाईंकडे बघितलं. ठकूबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. हिशेब त्यांचाच होता, त्यामुळे त्यांना त्यात खोट काढता येईना. थोड्या वेळाने त्या काठी टेकत उठल्या, लेकाजवळ गेल्या, त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "ह्याला मरून रंग शोभंल. बारकी नगं, मोठी लावा. आन रोज मी बघनार हाय."

"लावा," दिनकरराव म्हणाले.

त्यांच्या कोपराची चाचणी दोन दिवसांत निर्वेध पार पडली. जागाबदलाचा आदेश शुक्रवारी निघाला. मंदाकिनीबाईंचं कपाळ मोकळं करण्यात आलं, आणि लाभार्थ्याच्या जागेत टिकली आल्यामुळे घर सवाष्ण धरण्यात येतं, असा शेरा मॅडमनी स्वतःच्या अक्षरात घातला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी बोत्र्यांच्या घरी गेलो. आमंत्रण होतंच, शिवाय ना-हरकत दर्शनी भागात लावली आहे का तेही बघायचं होतं. लावली होती, गणपतीच्या फोटोखाली. दारात बँड उभा होता. दिनकरराव फेटा बांधून पाहुण्यांना नमस्कार करत होते, कपाळावर मरून टिकली. घामाने ती एका बाजूला सरकली की ठकूबाई गर्दीतून वाट काढत यायच्या आणि अंगठ्याने ती सरळ करून जायच्या. हसलं कुणी नाही. एक मामा फक्त म्हणाले की दिनकर, जरा वर हवी होती.

संग्राम, म्हणजे नवरदेव, उंबऱ्यात येऊन पाटावर उभा राहिला. मंदाकिनीबाई ताट घेऊन पुढे आल्या. पदर मागे होता. कपाळ मोकळं, मधला पांढरा ठसा सगळ्यांना दिसत होता, आणि धाकट्या चुलत जाऊबाईंनी स्वतः निरांजन पेटवून दिलं. मंदाकिनीबाईंनी बोट कुंकवात बुडवलं, पोराच्या कपाळाजवळ नेलं आणि तिथेच थांबवलं.

मला वाटलं त्यांचा गोंधळ झाला. मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "ताई, औक्षणाला ना-हरकत लागत नाही. सूट आहे."

"मला विचारायचंय," त्या म्हणाल्या.

बँडवाल्याने सनई तोंडातून काढली. मंदाकिनीबाई टाचा उंचावून पोराच्या कपाळाशी बोलल्या. "लावू का रे?"

"लाव की आई," संग्राम म्हणाला.

"तू नको बोलूस. तुला नाही विचारलं."

कपाळ तरुण होतं, त्याला असं कुणी विचारण्याची सवय नव्हती. त्याने बराच वेळ घेतला. मुहूर्ताची घाई असलेले गुरुजी घड्याळ बघत होते, पण तेही थांबले.

"थोडंसं लाव," शेवटी ते म्हणालं. "आणि मंडपात गेल्यावर पुसून टाकायला सांग."

"पुसतानाही विचारायला सांगते," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी तांदळाएवढं कुंकू टेकवलं, वर अक्षता लावल्या आणि ओवाळलं. त्या हसत होत्या. मी आठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या नोकरीवर खूश झालो.

बँड वाजायला लागला, वऱ्हाड हललं. ठकूबाई मात्र पायरीवरच बसून राहिल्या. मी त्यांना हात द्यायला गेलो. त्यांनी हात घेतला नाही.

"भाऊसाहेब, पुसताना बी इचारायचं आसतं?"

"असतं."

त्यांचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं. त्यांचे यजमान चौदा वर्षांपूर्वी गेले.

"माझं चौघी जनींनी धरून पुसलं," ठकूबाई म्हणाल्या. "मला न्हाई इचारलं, आन कपाळाला बी न्हाई."

माझ्या पिशवीत एक कोरा नमुना होता. तो काढून मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो, पेनाचं टोपण उघडलं आणि त्यांच्या कपाळाला म्हटलं, "बोला."

बँड कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला तरी ते बोलत होतं.